नाणे एक, तिजोरी वेगळी

नववीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, युरोपात इतक्या देशांचा पैसा एकच आहे, मग सगळ्या जगाचा का नाही?" उत्तर देताना मला ग्रीस आठवला.

1999 मध्ये 11 देशांनी युरो स्वीकारला, 2001 मध्ये ग्रीसही सामील झाला. पुढच्या वर्षी युरोच्या नोटा आल्या आणि द्राख्मा हे तिथले जुने चलन गेले. फायदे खरे होते. पैसे बदलण्याची कटकट संपली, व्यापाऱ्याची दराची धास्ती गेली. ग्रीसला तर जवळपास जर्मनीइतक्या स्वस्त व्याजाने कर्ज मिळू लागले. सरकारने ते उचलले आणि तूट लपवली. 2009 मध्ये खरे आकडे बाहेर आले.

स्वतःचे चलन असलेल्या देशावर अशी वेळ आली, की चलनाची किंमत घसरते. आयात महागते, पण त्याचा माल आणि पर्यटन परक्यांना स्वस्त पडते, सावरायला थोडी उसंत मिळते. ग्रीसला ती सोय उरली नव्हती. व्याजदर फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेत ठरत होता. मग कात्री लागली ती पगारांना आणि पेन्शनला. 2013 मध्ये काम मागणाऱ्या चारांपैकी एकाहून अधिक माणसे बेकार होती. 2015 च्या उन्हाळ्यात बँका बंद झाल्या, एटीएममधून दिवसाला फक्त 60 युरो मिळत. सार्वमतात 61 टक्के लोकांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या, तरी काही दिवसांतच सरकारला कठोर अटी मान्य कराव्या लागल्या.

चूक सरकारची होती, हे मी नाकारत नाही. पण डोळे झाकून कर्ज देणाऱ्यांचे काय? मदतीचा मोठा हिस्सा जुनी देणी फेडण्यातच गेला, आणि शिक्षा भोगली पेन्शनच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी. हा इन्साफ नव्हे.

महाराष्ट्र आणि बिहार यांचाही रुपया एकच आहे. पण केंद्रीय करांतला वाटा वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांना मिळतो आणि त्यात गरीब राज्याला झुकते माप असते. त्यावर वाद होतात, तरी तिजोरीचा एक भाग सामायिक आहे. युरोपला हे उशिरा उमगले. 2020 मध्ये कोरोनाच्या संकटात युरोपीय संघाने 750 अब्ज युरोंचा निधी सामायिक कर्जातून उभारायचे ठरवले.

त्या मुलीला मी म्हटले, "बेटा, पैसा एक करायला नोटा छापल्या की झाले. पण शेजाऱ्याच्या वाईट दिवसांतही हिस्सा उचलायची तयारी नसेल, तर आपापले नाणे बरे."