छायाचित्रातील माता

गतवर्षी आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांस आम्ही सांगितले की, प्रत्येकाने आपल्या मातेचे एक छायाचित्र आणावे. आली ती बहुतेक लग्नसमारंभातली. अंगावर ठेवणीतले लुगडे आणि मुखावर ओढूनताणून आणलेले हसू! कपाशी वेचणारी, कळण्याची भाकरी थापणारी किंवा आजाऱ्याचे अंथरूण बदलणारी माता एकाही चित्रात नव्हती. सांप्रत घरोघरी मोबाईल असताना असे का व्हावे?

छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळी, 19व्या शतकात, चित्र उमटण्यास बराच वेळ लागे. मूल हलू नये म्हणून विलायतेत पुष्कळदा माता त्यास धरून बसे, आणि तिच्या अंगावरून कापड पांघरीत. हेतू हा की, चित्रात मूल तेवढे दिसावे. ते कापड आता गेले. परंतु आमच्या दृष्टीवरचे गेले नाही. जिच्या आधाराने घर उभे आहे, तिचे कष्ट आम्हांस दिसत नाहीत.

आपल्या खानदेशातच, चाळीसगावी, कैकी मूस (1912–1989) हे थोर छायाचित्रकार होऊन गेले. साध्या वस्तू मेजावर मांडून ते त्यांतून निसर्गाचे देखावे उभे करीत. क्षुद्र वस्तूंकडेही धीराने पाहिले तर त्यांत एक जग सापडते, हा धडा त्यांच्या कलेपासून घ्यावा. वस्तूंकडे इतके पाहावे लागते, तर घरातील माणसाकडे किती पाहावे!

परंतु नुसते पाहणे पुरेसे नाही. 1936 साली अमेरिकेत डोरोथिया लँग या बाईंनी कॅलिफोर्नियातील एका मजूर मातेचे, तिच्या लेकरांसह, चित्र टिपले. ते जगभर गाजले. त्या मातेचे नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जगास कळले मात्र 1978 साली. आणि त्या चित्रापासून आपणांस काहीच लाभ झाला नाही, अशी तिची खंत होती. जगाला करुणा वाटली; ती पोहोचली चित्रापर्यंत, मातेपर्यंत नाही.

आमच्याच वर्गातील एका मुलाने पुढे दुसरे चित्र आणले. त्याची आजी वर्षभर अंथरुणास खिळलेली. तिला कुशीवर वळविताना आईचा चेहरा थकलेला, किंचित त्रासलेलाही दिसत होता. आम्ही ते भिंतीवर लावू म्हणालो. मुलगा म्हणाला, "नको, गुरुजी. आईला विचारलं. ती म्हणाली, माझा असा अवतार लोकांना कशाला दाखवतोस? त्यापेक्षा जरा हात लाव." तेव्हापासून सकाळी आजीला वळविण्याचे काम तो व त्याचे वडील करितात. चित्र त्याने वहीत जपून ठेविले आहे.

आमच्या मते त्या वर्षीचे उत्तम चित्र तेच होय. मातेस त्यागमूर्ती म्हणून हार घालणे सोपे असते. हार घातला की भार तिच्याच माथी ठेवण्यास आपण मोकळे होतो. सेवेत प्रेम असते, तसा थकवाही असतो, कधी रागही येतो. त्याने प्रेम उणे होत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनो, मातेचे चित्र अवश्य काढा. परंतु तिला विचारून काढा, आणि काढून झाल्यावर मोबाईल खाली ठेवून तिच्या हातातले काम आपल्या हाती घ्या. पालकांसही आमची विनंती आहे की, हे काम मुलींसच नव्हे, मुलांसही सांगावे.