देवाची दहा मिनिटं
‘देवाला हात जोडायलाही वेळ नाही गं,’ असं मीही म्हणायची. पण आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडीला १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंना तर अख्खं राज्य सांभाळायचं होतं! त्यांचा दिनक्रम जॉन माल्कमने १८२३ च्या ग्रंथात नोंदवला आहे. पहाटे उठून पूजा, दुपारी दोनपासून संध्याकाळी सहापर्यंत दरबार, पुन्हा पूजा, रात्री नऊ ते अकरा परत कारभार. म्हणजे उरलेला वेळ देवाला नव्हे, देवाची वेळ आधी ठरलेली!

मग मीही ठरवलं. सकाळचं दूध उतरवलं, गॅस बंद केला, की दहा मिनिटं देवापाशी. पहिले आठ दिवस हात जोडलेले आणि मन डब्याच्या भाजीत! तरी उठले नाही. आता त्या वेळात घरातलं कुणी हाक मारत नाही.

तुमचीही वेळ ठरवा, आणि घरात सांगून टाका.