म्हातारी वेल आणि तोडलेली आमराई

दिग्रसमध्ये ‘वाइन’ हा शब्द जरा मोठ्यानं उच्चारा, शेजारचे वळून बघतील. बघणारच! पलीकडच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आपल्या यवतमाळातही बायांनी त्यासाठी मोर्चे काढलेत. दारूनं मोडलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. त्यामुळं ‘प्या’ असं सांगायला हा लेख नाहीच.

पण उद्या पुण्या-मुंबईत नोकरीला गेलात, की ऑफिसच्या पार्टीत कुणीतरी ग्लास गोल फिरवत ‘ओल्ड व्हाइन’ म्हणेल. बावरू नका. व्हाइन म्हणजे वेल. आणि वेलीचं गणित शेतकऱ्याच्या पोरांना इतरांपेक्षा लवकर कळतं.

द्राक्षाची वेल म्हातारी झाली की घड कमी धरते. पण जे धरते त्याची चव जास्त दाट असते, असं जाणकार मानतात. अशा द्राक्षांच्या रेड वाइनमध्ये तुरटपणा आणि आंबटपणा दमदार असेल, तर ती बाटलीत वर्षानुवर्षं टिकते. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी आवळते? तोच तुरटपणा. द्राक्षाच्या सालीतून, बियांतून येतो. वर्षं सरतात तसा तो मवाळ होतो, तळाशी गाळ बसतो, जांभळा रंग विटकरी होतो. ताज्या फळाचा वास मागं पडून सुकामेवा, तंबाखू, चामडं असे वास येतात. बहुतेक वाइनला हे झेपत नाही, त्या दोन-चार वर्षांतच संपवायच्या असतात.

आणखी एक गंमत. चव घेणं हाच ज्यांचा धंदा आहे, ते घोट तोंडात घोळवतात आणि थुंकून टाकतात. चव घेणं वेगळं, पिणं वेगळं!

आता मुद्द्याचं. ऑस्ट्रेलियातल्या बरोसा भागात १९८०च्या दशकात द्राक्षांचा भाव पडला. वेली उपटायला सरकारनंच पैसे दिले. जुन्या-जुन्या वेली गेल्या. काही वाइनवाल्यांनी मात्र त्यांची चव ओळखली, बरा भाव दिला, म्हणून उरलेल्या वाचल्या. २००९मध्ये तिथं वेलींच्या वयाची सनदच झाली: ३५ वर्षांची ‘ओल्ड’, ७०ची ‘सर्व्हायव्हर’, १००ची ‘सेंटेनेरियन’, १२५ची ‘ॲन्सेस्टर’. बऱ्याच देशांत मात्र ‘ओल्ड व्हाइन’ला कायद्याची व्याख्याच नाही. म्हणून कुणी मिरवलं तर सरळ विचारा, ‘किती वर्षांची?’

हे सगळे श्रीमंतांचे नखरे वाटतात? मग आपली आमराई आठवा. गोटी, शेप्या, शेंदऱ्या... प्रत्येक झाडाला चवीवरून, वासावरून, रंगावरून नाव होतं. आपल्या आज्या डोळे मिटून झाड ओळखायच्या. टेस्टिंग दुसरं काय असतं हो? पण बाजारात सगळं एकाच ढिगात, ‘गावरानी’ म्हणून, एकाच भावानं. चवीचे पैसे कुणी दिले नाहीत, मग झाडं आरामशिनीवर गेली. कापूस, तूर वजनावर विकता विकता आपण चवीचे शब्दच विसरलो. आणि ज्याला शब्द नाही, त्याला भाव तरी कोण देणार?

जीभ तयार करायला बाटली लागत नाही. येत्या उन्हाळ्यात उरलेल्या दोन झाडांचे आंबे शेजारी ठेवा, चाखा, फरक वहीत लिहा. झाडाचं वय घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि शेप्याचा भाव शेप्या म्हणूनच मागून बघा.