कानाचे यंत्र आणि नागपूरचे तीन ऋतू

मृग नक्षत्र लागले की नागपूरकर छत्री शोधतो, कूलरवर झाकण घालतो आणि छत गळते का ते पाहतो. घरातल्या आजी-आजोबांच्या कानाच्या यंत्राकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. आषाढ-श्रावणात ते बंद पडते आणि कपाटाच्या खणात जाऊन पडते. मग दिवाळीपर्यंत घरातले म्हणत राहतात, ‘मशीनचा काही उपयोग नाही.’ माझ्या मते दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. बदलत्या ऋतूत त्याची निगा कशी ठेवायची, हे घरात कुणालाच सांगितलेले नसते.

काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास एक सूनबाई आपल्या सासूबाईंना घेऊन माझ्याकडे आल्या. ‘डॉक्टरसाहेब, आईंचे डोके आता चालत नाही. विचारले एक, तर सांगतात भलतेच.’ मी यंत्राची चौकशी केली. ते पिशवीत, रुमालात गुंडाळलेले निघाले. पावसाळा लागल्यापासून बंदच होते. पाहतो तर कानात बसणाऱ्या साच्याच्या नळीत पाण्याचा थेंब अडकलेला आणि सेलच्या कप्प्यात हिरवट गंज. नळी बदलली, कप्पा साफ केला, नवा सेल घातला. दहा-पंधरा मिनिटांचे काम. आजींना स्पष्ट ऐकू येऊ लागले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘एवढ्याशासाठी मी दोन महिने मुकी बसली काय?’ सूनबाईंनी मान खाली घातली. आजींचे डोके शाबूत होते, फक्त त्यांच्यापर्यंत कुणाचे बोलणे पोहोचत नव्हते.

ही गोष्ट क्षुल्लक समजू नये. ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू बोलणे सोडतो, चारचौघांत बसणे टाळतो. २०२४ सालच्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे जे टाळता येण्याजोगे १४ घटक सांगितले आहेत, त्यांत श्रवणदोष आहे. तेव्हा खणात पडलेले यंत्र म्हणजे केवळ वाया गेलेला पैसा नव्हे.

आपल्याकडचे तीनही ऋतू या यंत्राची परीक्षा घेतात. आधी उन्हाळा. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत कानामागे घाम साचतो आणि यंत्रात झिरपतो. बाहेरून आल्यावर यंत्र काढून कोरड्या सुती कापडाने पुसावे. बंद मोटारीत, खिडकीत किंवा टीव्हीवर ते ठेवू नये. चार्जिंगच्या यंत्रांना तर अशी उष्णता फारच वाईट. दुपट्टा कानावर घट्ट बांधला की यंत्र शिट्टी वाजवते आणि कापड घासल्याची खरखर ऐकू येते, म्हणून तो थोडा सैल बांधावा. कूलरसमोर बसून बोलू नये. त्याच्या घरघरीत बोलणे बुडते आणि त्याची हवाही दमट असते.

यात वापरला जाणारा साधा सेल हवेवर चालतो. त्यावरची चिकटपट्टी काढली की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल सुरू होतो. पट्टी काढल्यावर एक मिनिट थांबून मगच तो यंत्रात घालावा. पट्टी परत लावून सेल वाचत नाही. कोरड्या उन्हात तो सुकतो आणि पावसाळी दमट हवेतही त्याचे आयुष्य घटते. म्हणून वर्षभराचे सेल एकदम घेऊन ठेवू नयेत.

पावसाळ्यात खरी काळजी रात्रीची. झोपताना सेल बाहेर काढावा, कप्पा उघडा ठेवावा आणि यंत्र सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. सेल मात्र त्या डबीत ठेवू नये. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पुरेसे पाणी शोषले असे समजावे आणि ते बदलावेत. यंत्र तांदळात पुरणे, उन्हात किंवा तव्याजवळ वाळवणे, केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा देणे, हे सारे प्रकार मी पाहिले आहेत. त्यांनी यंत्र बरे होत नाही, बिघडते. कानातला साचा यंत्रापासून वेगळा करून कोमट साबणपाण्याने धुवावा आणि नळीतले पाणी रबरी फुग्याने फुंकून काढावे. पूर्ण वाळल्यावरच तो पुन्हा जोडावा.

याच दिवसांत कानात बुरशी धरते. खाज, दडे बसणे, दुखणे, पाणी येणे ही तिची लक्षणे. अशा वेळी कोमट तेल घालण्याचा घरगुती उपाय करू नये; तेलाने बुरशी जात नाही. काडी आणि केसांची पिन यांना तर कान बंदच असावा. कान वाहत असेल तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत त्या कानात यंत्र घालू नये. मधुमेही माणसाचा कान असह्य दुखू लागला किंवा कुणालाही एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर एक दिवसही दवडू नये. मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहे.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानापूर्वी यंत्र काढावे आणि केस वाळल्यावरच घालावे. तेलाने त्याच्या माइकची छिद्रे बुजतात. हिवाळ्याच्या पहाटे कानातली ऊब आणि बाहेरची थंडी यांमुळे नळीत दव साचते. कानटोपी घातली की पुन्हा तीच शिट्टी. सर्दीने कान जड झाला की लोक यंत्राचा आवाज वाढवतात. त्याऐवजी आधी सर्दीवर उपचार करावा.

आता थोडे स्पष्ट बोलतो. शिबिरांत यंत्रे वाटली जातात, हार-तुरे होतात, छायाचित्र छापून येते. पण पहिल्या पावसाळ्यानंतर त्यांतली किती सुरू आहेत, हे कुणी विचारत नाही. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्रे मोफत मिळतात आणि वर्षभराच्या मोफत देखभालीची तरतूदही आहे. ती मागून घेतली पाहिजे. यंत्र देणाऱ्याने, मग तो दुकानदार असो की संस्था, सोबत वाळवणीची डबी द्यावी आणि निगा कशी ठेवायची ते मराठीत, घरच्या माणसासमोर, हातात यंत्र देऊन शिकवावे. थरथरत्या हातांच्या आजोबांना एकट्याने सांगून भागत नाही.

आणि घरातल्यांनी एवढे करावे. आजोबांचा चष्मा कुणी पुसतो, औषधे कुणी देतो, तसे यंत्राचे काम एकाने अंगावर घ्यावे. नातवंडांना ते पटकन जमते. मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा यंत्र तपासून घ्यावे. आज संध्याकाळी कपाटाचा तो खण उघडून पाहा. आत एखादे यंत्र पडले असेल, तर सेल बदलून आधी ते चालते का पाहा. तरीही गप्प राहिले, तर उद्याच दाखवून आणा.