मार्कर 'हाय', टेन्शन हाय!

ऑफिसच्या मेलवर 'फुल बॉडी चेकअप'ची ऑफर येते. शुगर, थायरॉइड, व्हिटॅमिन डी आणि थोडे जास्त मोजले की 'कॅन्सर मार्कर'सुद्धा! गोंदियाजवळच्या नागऱ्यात राहणाऱ्या बाबांचीही टेस्ट तुम्ही उरकून टाकता. रिपोर्टवर सीईए ६.२, शेजारी ठळक अक्षरांत 'हाय'. झालं! बाबांना आजच विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसवून मुंबईला आणायचं का?

जरा दमानं घ्या. सीईए हे प्रथिन मॉन्ट्रिअलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये शोधलं. पण सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तातही ते जास्त असू शकतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा मार्कर सीए १९-९ तर पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तरी उसळतो. काहींच्या शरीरात तो जन्मतःच तयार होत नाही. म्हणजे 'हाय' आला म्हणून कॅन्सर नव्हे आणि 'नॉर्मल' आला म्हणून सुटका नव्हे. शौचातून रक्त जातंय, वजन उतरतंय, तर रिपोर्ट कितीही छान असो, डॉक्टरांकडे जायलाच हवं. निदान करते ती एंडोस्कोपी आणि बायोप्सी.

मग ही टेस्ट कशासाठी? निदान झाल्यावरच्या लढाईसाठी! आतड्याच्या ऑपरेशनआधी सीईए मोजून ठेवतात. गाठ पूर्ण निघाली, तर वाढलेला आकडा साधारण महिना-दीड महिन्यात खाली येतो. नाही आला, तर डॉक्टर सावध होतात. पुढे पहिली दोन-तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी आणि त्यानंतर पाचव्या वर्षापर्यंत दर ६ महिन्यांनी टेस्ट. आकडा सलग चढत गेला की सीटी स्कॅन, कारण परतलेला कॅन्सर लवकर सापडला तर काही वेळा पुन्हा ऑपरेशन शक्य असतं. केमोच्या सुरुवातीला मात्र आकडा तात्पुरता वाढू शकतो. तेवढ्यावरून औषध बदला म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका.

आणि हो, टेस्ट शक्यतो एकाच लॅबमध्ये. एकदा गोंदियात, एकदा नागपुरात केली, तर पद्धत बदलते आणि आकड्यांची तुलना फसते. घरात कुणाचे उपचार सुरू असतील, तर फाइलमध्ये एक कागद लावा : तारीख, लॅब, आकडा. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये जा की मुंबईच्या टाटामध्ये, डॉक्टरांना एकट्या आकड्यापेक्षा त्याची दिशा जास्त सांगून जाते.