परवानगी कोणाची, कोणाला, कोठे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीचे पाळक आजारी पडले आणि रविवारी उपदेश कोणी करायचा, हा प्रश्न आला. माझी आत्या निवृत्त शिक्षिका. तीस-पस्तीस वर्षे तिने संडे स्कूल चालवले. आज मंडळीच्या कमिटीत बसणारे निम्मे पुरुष तिच्यासमोर वचने पाठ म्हणत मोठे झालेले. कोणीतरी तिचे नाव सुचवले. लगेच एका ज्येष्ठांनी पवित्र शास्त्र उघडले आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील बाराव्या ओवीवर बोट ठेवले. स्त्रीने शिकवावे याला आपली परवानगी नाही, असे पौल तेथे म्हणतो. “शास्त्रात परवानगी नाही, विषय संपला,” ज्येष्ठ म्हणाले. मोबाइलवर काहीतरी चाळत बसलेला एक तरुण म्हणाला, “काका, मूळ ग्रीकमध्ये तिथे वर्तमानकाळ आहे. म्हणजे ‘सध्या’ परवानगी देत नाही. ते तेव्हापुरतेच होते.” आत्या चहाचे कप गोळा करत होती. तिला कोणी काही विचारले नाही.

माझे म्हणणे असे, की काका आणि तो तरुण, दोघांनीही त्या शब्दावर अन्याय केला. एकाने परवानगीच्या शब्दाला सनातन कायद्याचा झगा घातला, दुसऱ्याने व्याकरणाला आपल्या सोयीची साक्ष द्यायला लावली. तरुणाचा निष्कर्ष मला जवळचा आहे. म्हणूनच त्याची युक्ती आधी तपासली पाहिजे. आपल्या बाजूचा लंगडा पुरावा समोरच्याच्या कामी येतो.

शब्द आहे ‘एपित्रेपो’. ‘एपि’ म्हणजे कडे, ‘त्रेपो’ म्हणजे वळवणे. एखादी गोष्ट दुसऱ्याकडे वळवणे, त्याच्या हाती सोपवणे, आणि त्यातून मुभा देणे, असा अर्थाचा प्रवास आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात पोटीफर आपले सारे घरदार योसेफाच्या हाती सोपवतो, तेथे हेच क्रियापद आहे. याच कुळातला ‘एपित्रोपोस’ म्हणजे कारभारी किंवा पालक. लूकच्या शुभवर्तमानातला हेरोदाचा कारभारी खुजा ‘एपित्रोपोस’ आहे, आणि गलतीकरांस पत्रात अज्ञान वारसावर नेमलेले पालकही तेच. आजच्या ग्रीक भाषेत समितीला ‘एपित्रोपी’ म्हणतात. थोडक्यात, हा शब्द निघाला की कोणीतरी अधिकार धरून बसलेला असतो आणि कोणीतरी समोर उभा असतो.

नव्या करारात हे क्रियापद १८ वेळा येते. बापाला पुरून येऊ द्या, असे एक शिष्य येशूला विनवतो. अशुद्ध आत्मे डुकरांत शिरण्याची मुभा मागतात आणि त्यांना ती मिळते. अरिमथाईचा योसेफ येशूचे शव उतरवण्यासाठी पिलाताची परवानगी घेतो. पौल करिंथकरांना कळवतो, की प्रभूची परवानगी असेल तर काही काळ तुमच्याकडे राहीन.

मात्र प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातल्या पाच जागा एकत्र ठेवून पाहण्याजोग्या आहेत. पाचही ठिकाणी परवानगीचा विषय पौल स्वतः आहे. यरुशलेमेत मंदिराजवळ दंगल उसळली आहे. रोमी सरदाराने पौलाला दोन साखळ्यांनी जखडले आहे आणि जमाव इतका अंगावर येतो आहे, की शिपायांना त्याला उचलून पायऱ्या चढाव्या लागतात. गढीच्या तोंडाशी पौल ग्रीकमध्ये बोलतो, तेव्हा सरदार चमकतो; याला ग्रीक येते? मग पौल विनंती करतो, की मला या लोकांशी बोलू द्या. सरदार मुभा देतो. पौल पायरीवर उभा राहतो, हाताने खूण करतो, आणि गर्दी गप्प होते. पुढे अग्रिप्पा राजा त्याला स्वतःच्या बाजूने बोलण्याची परवानगी देतो. सिदोनला शताधिपती त्याला मित्रांकडे जाऊ देतो. रोममध्ये एका शिपायाच्या पहाऱ्यात त्याला वेगळे राहू दिले जाते. बोलायला परवानगी लागणे म्हणजे काय, हे पौलाने साखळीसह अनुभवलेले होते. ‘मी परवानगी देत नाही’ हे वाक्य ज्याच्या नावावर आहे, तो हाच माणूस. हे पत्र पौलाने स्वतः लिहिले नसावे, असे अनेक अभ्यासक मानतात. पण तो वाद शब्दाच्या अर्थाला धक्का लावत नाही.

आता तरुणाचा मुद्दा. ‘ऊक एपित्रेपो’ हे प्रथमपुरुषी, एकवचनी, वर्तमानकाळी रूप आहे, हे खरे. पण वर्तमानकाळ म्हणजे ‘सध्यापुरते’ हा नियम ग्रीकमध्ये नाही, मराठीतही नाही. “आम्ही चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही,” या वाक्यातली मुदत ‘चातुर्मासात’ या शब्दातून येते, ‘खात नाही’मधून नव्हे. “आमच्याकडे कोणी दारू पीत नाही,” असे कोणी म्हणाले तर ‘उद्यापासून पिणार असाल’ असे आपण समजत नाही. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी पौल ‘मी विनवतो’ म्हणतो, तेही याच घडणीचे रूप. आपली शरीरे देवाला जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा, ही विनंती फक्त त्या आठवड्यापुरती होती, असे कोणताही पाळक शिकवत नाही.

काही जण पुढे जाऊन म्हणतात, की काळ सोडा, हा शब्दच मुळात तात्पुरत्या मुभेचा आहे. तेही टिकत नाही. सूटपत्र देण्याची मुभा मोशेने दिली, तेथे मत्तयाने हाच शब्द घातला आहे, आणि ती मुभा पिढ्यान्‌पिढ्या चालली. शब्दाच्या खिशात घड्याळ नसते.

पण सूटपत्राचे हेच उदाहरण काकांचाही पक्ष मोडते. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात परुशी विचारतात, की मग मोशेने सूटपत्र द्यायची ‘आज्ञा’ का केली? येशू उत्तरात क्रियापद बदलतो. तुमच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे मोशेने ‘मुभा दिली’, आरंभापासून मात्र असे नव्हते, असे तो सांगतो. मार्कच्या दहाव्या अध्यायात हेच शब्द उलटे पडले आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. तेथे ‘आज्ञा’ येशू म्हणतो आणि ‘मुभा’ परुशी म्हणतात. पण निकाल दोन्हीकडे एकच: त्या नियमामागे माणसांची एक विशिष्ट अवस्था होती, आणि नियम जुना झाला म्हणून तो देवाचा मूळ बेत ठरत नाही.

आज्ञा आणि मुभा यांची ही गल्लत मराठी माणसाला समजायला अवघड जाऊ नये, कारण ती आपल्या ‘आज्ञा’ या शब्दातच बसलेली आहे. “वडिलांची आज्ञा मोडू नये,” यात हुकूम आहे. “निघतो, आज्ञा द्या,” यात नुसती रजा मागितली आहे. पाहुण्याने दारात उभे राहून आज्ञा मागितली आणि यजमान “बरं, या” म्हणाला, तर पाहुण्याला घराबाहेर काढल्याचा बोभाटा कोणी करत नाही. आपल्या मीमांसकांनी विधी आणि निषेध यांची चिरफाड करताना शास्त्रवाक्य नेमके काय करते, हे आधी ठरवण्याचा आग्रह धरला तो उगाच नाही.

पौलाकडे हुकमाचे शब्द नव्हते, असेही नाही. तीमथ्याच्या याच पहिल्या पत्रात ‘परांगेल्लो’, म्हणजे ताकीद देणे, हे क्रियापद पाच वेळा येते. तीमथ्य होता त्या इफिसात काही जणांनी भलतीच शिकवण देऊ नये, ही पत्राच्या आरंभीचीच सूचना त्या शब्दात आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तर तो स्वतः फोड करून सांगतो, की हे मी सवलत म्हणून सांगतो, आज्ञा म्हणून नव्हे. शब्दांच्या बाबतीत इतका जागा असलेला लेखक एका जागी ‘मी’ हा कर्ता ठेवून ‘परवानगी देत नाही’ म्हणतो, तेव्हा आपण ‘मी’च्या जागी ‘देव’ आणि ‘देत नाही’च्या जागी ‘कधीही देणार नाही’ वाचू नये.

यावर काका गप्प बसणार नाहीत, आणि बसूही नये. त्यांचे तीन आक्षेप वजनदार आहेत. पहिला, परवानगी नाकारणे म्हणजे मनाईच. अगदी बरोबर. ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ ही पाटी सौम्य आहे म्हणून कोणी दार ढकलत नाही. त्या ओवीत मनाई आहे, आणि ती खरी आहे. प्रश्न तिच्या हद्दीचा आहे.

दुसरा आक्षेप करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायाचा. स्त्रियांना बोलण्याची परवानगी नाही, असे तेथेही आहे, आणि तीन ओव्यांनंतर पौल आपले लिहिणे प्रभूची आज्ञा असल्याचे म्हणतो. पण त्या अध्यायात गप्प बसण्याचे क्रियापद तीनदा आले आहे. अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याने गप्प बसावे; दुसऱ्याला प्रकटीकरण झाले तर पहिल्या संदेष्ट्याने गप्प बसावे; आणि मग स्त्रियांनी. पहिल्या दोघांचे मौन कायमचे, असे कोणी म्हणत नाही. शिवाय त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्री सभेत प्रार्थना करते, संदेश देते, आणि पौल केवळ तिच्या डोक्यावरच्या पदराची चर्चा करतो.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण. तीमथ्याच्या पत्रात मनाईपाठोपाठ कारण येते, की आधी आदाम घडला, मग हव्वा. कारण सृष्टीच्या आरंभाचे, मग नियम इफिसापुरता कसा? त्याला उत्तर हे, की पदराच्या त्या चर्चेतही पौल सृष्टिक्रमाचाच दाखला देतो. तरी उघड्या डोक्याने उपासनेला आलेल्या बाईला बहुतेक मंडळ्या आज परत पाठवत नाहीत. दाखला सनातन असू शकतो आणि त्यावरून काढलेली सूचना प्रसंगाची असू शकते. एका ठिकाणी हे मान्य करायचे आणि दुसऱ्या ठिकाणी नाकारायचे, तर वेगळे कारण द्यावे लागेल.

आता मांडणीची बाजू. अकरावी आणि बारावी ओवी एकत्र वाचली, तर दोन्हींत मिळून आज्ञार्थी क्रियापद एकच सापडते: ‘मान्थानेतो’, तिने शिकावे. तिने ज्या रीतीने शिकावे, तिला ‘हेसिखिया’ म्हटले आहे. त्याचा अर्थ शांतपणा. त्याच अध्यायाच्या आरंभी सर्वांनी शांत आयुष्य जगावे म्हणून प्रार्थना सांगितली आहे, तेथेही याच मुळाचा शब्द आहे, आणि तेथे कोणाचे तोंड बंद करायचे नाही. म्हणजे हुकूम शिकण्याचा आहे. शिकवण्याबद्दल एका शहरातल्या, भलत्या शिकवणीने गढुळलेल्या मंडळीत एका वडीलधाऱ्याने केलेली मनाई आहे. शिकायला बसवलेल्या माणसाने कधीच शिकवू नये, असे कोणती शाळा म्हणते?

आणि इफिसच घ्या. याच शहरात अपुल्लोस नावाचा विद्वान वक्ता आला, तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने त्याला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. लूकने तिचे नाव नवऱ्याच्या आधी घातले आहे. तीमथ्याचा स्वतःचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला, हे त्याच्याच नावच्या दुसऱ्या पत्रात आहे. मनाई सार्वकालिक मानली, तर या बायकांचे काय करायचे?

आपल्याकडची बाई तर यांच्याही पुढची. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने मुलीला. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्या चेल्टनमच्या महिला कॉलेजात असताना तरुण पुरुषांना शिकवण्याचा बेत निघाला, आणि हिंदुस्थानातल्या बिशपांकडून हरकत आली. मायदेशी त्यांच्या कामाला यामुळे बाध येईल, ही काळजी होती. रमाबाईंना नवल वाटले. तरुण पुरुषांना शिकवण्याला त्यांच्या बापाने हरकत घेतली नव्हती, नवऱ्यानेही नाही. ती घेत होती इंग्रज माणसे. मनाईच्या बुडाशी शास्त्रापेक्षा ‘लोक काय म्हणतील’ किती असते, हे रमाबाईंनी तेव्हाच पाहिले.

त्याच रमाबाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्तिसदनात बसून त्यांनी अख्खे पवित्र शास्त्र मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते छापून निघाले. मुक्तिसदनाच्या छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम मुली आणि बायका करत.

त्या कामाकडे जरा जवळून पाहू. कोणीतरी बाई खिळ्यांच्या पेटीसमोर उभी आहे. शिशाचे उलटे अक्षर चिमटीत धरून ती ओळ भरते आहे. तीमथ्याचे पहिले पत्र, दुसरा अध्याय. अकरावी ओवी झाली, की ती बारावी भरते. ती ओवी ग्रीकमधून मराठीत एका बाईने आणलेली, जुळवली बायकांनी, आणि मग ती मराठी वाचकांच्या हाती गेली. त्या ओवीने बायकांना शिकवायला मनाई केली असेल, तर ती मनाई तरी आपल्याला कोणी शिकवली?

आमच्या कमिटीत हे सारे मांडायला मला वेळ मिळाला नाही. त्या रविवारी शेजारच्या गावाहून एक पाळक आले. उपदेश झाल्यावर काकांनी नातवाला पुढे ढकलले आणि आत्याला म्हणाले, “बाई, याचे आजचे वचन पाठ झाले का, जरा बघता का?” आत्याने खुर्ची ओढली आणि त्याला समोर बसवले. परवानगी कोणी मागितली नाही, कोणी दिलीही नाही.