जपानचं नाव सांगून वाडीत आग लावू नका

नागपूरजवळच्या वाडी, दत्तवाडी, डिफेन्स आणि खडगाव रोडवरच्या लेआउटांमधल्या समस्त घरमालकांना जाहीर पत्रक



आपल्या मोबाईलवर तो मेसेज परत फिरू लागला आहे. नवा नाही तो, निदान दहा वर्षांपासून भारतभर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर चालला आहे. जपान मुसलमानांना नागरिकत्व देत नाही, कायमचं राहू देत नाही, तिथल्या विद्यापीठांत अरबी शिकवत नाहीत, कुणी त्यांना भाड्यानं घर देत नाही, आणि म्हणून जपान सुखी आहे, असं त्यात असतं. या खेपेला कुणीतरी त्याला वाडीची शेपटी जोडली आहे. आपणही शहाणे व्हा, बाहेरच्यांना खोल्या देऊ नका, ठेवले असतील तर काढा. खाली हात जोडल्याचं चित्र. पाठवणाऱ्याचं नाव नाही.

मी काही जपानचा पंडित नाही. पेपर विकत घेतो आणि परदेशाच्या पानासकट वाचतो, एवढीच माझी पात्रता. जपानची बातमी दिसली की जरा जास्त वेळ थांबतो, कारण नागपूरच्या माणसाला जपान परका नाही. ते का, हे पुढे येईलच. आधी मेसेजचा निकाल लावू.

जपानचा नागरिकत्वाचा कायदा 1950 चा आहे. तो माणसाचं वास्तव्य विचारतो, वर्तणूक विचारतो, पोटापाण्याची सोय विचारतो, आधीचं नागरिकत्व सोडणार का विचारतो. धर्म विचारत नाही. तिथल्या जनगणनेतही धर्माचा रकाना नाही. अरबीचं म्हणाल तर टोकियोच्या परदेशी भाषांच्या विद्यापीठात ती रीतसर शिकवतात, आणि एनएचके या त्यांच्या सार्वजनिक वाहिनीवर अरबीचे धडे घरबसल्या बघायला मिळत आले आहेत. कोबे शहरातली मशीद 1935 ची. ती बांधायला ज्यांनी पैसा घातला त्यात आपल्याकडून तिथे गेलेले व्यापारी होते. महायुद्धात कोबे बॉम्बफेकीनं भाजून निघालं, पुढे 1995 च्या भूकंपात हजारो माणसं गेली, मशीद मात्र उभी राहिली. टोकियोत 1938 पासून मशीद आहे, तिची आजची इमारत 2000 सालची. ज्या देशात हे सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं, त्याच्याबद्दल इतकं धडधडीत खोटं दहा वर्षं चालतं, कारण वाडीतून कोबेला बघायला कोण जाणार?

घराच्या गोष्टीत मात्र थोडं तथ्य आहे, आणि तेच नीट वाचायला हवं. जपानच्या न्याय मंत्रालयानं तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांची पाहणी करून 2017 मध्ये निष्कर्ष छापले. भाड्यानं घर शोधलेल्यांपैकी शंभरातल्या सुमारे चाळीस जणांनी सांगितलं, की परदेशी आहात म्हणून आम्हाला घर नाकारलं. परदेशी म्हणून! दारात आलेल्याचा चेहरा आणि मोडकी जपानी भाषा एवढंच त्या घरमालकाला पुरतं. त्याच्या लेखी पुण्याचा कुलकर्णी, नागपूरचा मेश्राम आणि कराचीचा खान सगळे सारखेच बाहेरचे. आपल्या ग्रुपवर या मेसेजला टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी ज्यांची पोरं तिकडे नोकरीला आहेत, त्यांनी एकदा पोराला फोन करून विचारावं, बाबू, घर मिळायला किती ठिकाणी हिंडावं लागलं? जामीन राहायला जपानी माणूस कुठून आणला?

जपानात सगळं गोडीगुलाबीनं चाललंय असं मी म्हणत नाही. जुलै 2025 मध्ये त्यांच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली. 'जपानी आधी' अशी आरोळी ठोकणाऱ्या सानसेइतो नावाच्या पक्षानं तीत 14 जागा काढल्या. ऑक्टोबरमध्ये साने ताकाइची पंतप्रधान झाल्या, त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान, आणि परदेशी लोकांबद्दल त्यांची भाषा कडकच आहे. म्हणजे आपल्याकडची हवा तिकडेही आहे.

ऑगस्ट 2025 ची तिथली हकिकत तर वाडीकरांनी पाठ करावी. जपानच्या सरकारी मदत संस्थेनं चार छोट्या शहरांचं चार आफ्रिकी देशांशी नातं जोडायचा कार्यक्रम जाहीर केला. किसाराझू आणि नायजेरिया, नागाई आणि टांझानिया, सांजो आणि घाना, इमाबारी आणि मोझांबिक. बेत होता लोकांची जा-ये वाढवण्याचा. नायजेरिया सरकारच्या निवेदनात खास व्हिसाचा चुकीचा उल्लेख आला आणि मोबाईलवर भडका उडाला. आमचं शहर आफ्रिकेला देऊन टाकलं! नगरपालिकांचे फोन वाजून वाजून बंद पडायची वेळ आली. सरकार रोज सांगत होतं, व्हिसा नाही, वसाहत नाही, काही नाही. ऐकतो कोण? सप्टेंबरमध्ये सगळा कार्यक्रमच गुंडाळला. जपानसारख्या शिकलेल्या देशात अफवेनं सरकारला माघार घ्यायला लावली. जपानकडून उचलायला आपल्याला नेमकं हेच सापडलं का?

आता त्याच जपानची दुसरी बाजू. 2024 साली तिथे जपानी आईबापांना सात लाखांपेक्षा कमी मुलं झाली आणि सोळा लाखांच्या आसपास माणसं वारली. एका वर्षात नऊ लाखांची घट. म्हाताऱ्यांची सेवा करायला, बांधकामावर, कारखान्यात हात पुरत नाहीत. म्हणून 29 ऑगस्ट 2025 ला टोकियोत मोदी आणि त्या वेळचे पंतप्रधान इशिबा यांनी ठरवलं, की पाच वर्षांत दोन्ही देशांमध्ये पाच लाख लोकांची ये-जा व्हावी, आणि त्यात पन्नास हजार कुशल भारतीय जपानला जावेत. एकीकडे 'बाहेरचे नकोत' म्हणून मतं मागणं आणि दुसरीकडे बाहेरचे बोलावणं, हे दोन्ही एकाच वेळी चालू आहे. ज्यानं मेसेज पाठवला त्याचाच भाचा उद्या जपानी भाषेचा क्लास लावेल. लावावाच. पण मग मामानं इथे कुणाच्या खोलीला कुलूप घालायची भाषा करू नये.

अमेरिकेच्या वेळी आपण काय केलं तेही आठवा. फेब्रुवारी 2025 मध्ये अनेकांच्या हातापायांत बेड्या घालून 104 भारतीय लष्करी विमानातून अमृतसरला उतरवले. त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. सप्टेंबरमध्ये ट्रम्प साहेबांनी एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जाला एक लाख डॉलर लावले. दोन्ही वेळा याच ग्रुपांवर संतापाचा पूर आला होता, मीही त्यात दोन ओळी लिहिल्या होत्या. तो संताप खरा होता ना? मग आता बाहेरच्याला काढा म्हणताना तो कुठे गेला?

आणि नागपूरचं जपानशी नातं. भदंत सुरेई ससाई जन्मानं जपानी, 1935 चे, ओकायामा प्रांतातले. साठच्या दशकात भारतात आले, नागपुरात इंदोऱ्याला राहिले. व्हिसा संपला म्हणून त्यांना देशाबाहेर घालवायची वेळ आली तेव्हा नागपूरकरांनी सह्या गोळा केल्या, आणि 1988 मध्ये त्यांना भारताचं नागरिकत्व मिळालं. पुढे ते राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगावर गेले, दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचे अध्यक्ष झाले, बोधगयेच्या महाविहाराच्या आंदोलनाचं 1992 पासून नेतृत्व केलं. दरवर्षी अशोक विजयादशमीला अमरावती, अकोला, वाशिमची माणसं आपल्या वाडीवरूनच दीक्षाभूमीकडे जातात. रस्त्याच्या कडेला पाणी आणि मसालेभाताचे स्टॉल आपणच लावतो. ते ज्या मंचाकडे चाललेले असतात, तिथे हा 'बाहेरचा' बसलेला असतो. कामठीचं ड्रॅगन पॅलेस उभं राहिलं ते जपानच्या ओगावा सोसायटीच्या दानातून, 1999 मध्ये. उलट बाजूनं बघा, जपानच्या कोयासान विद्यापीठात 2015 च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्याचं अनावरण देवेंद्र फडणवीसांनी केलं, आपल्याच नागपूरच्या माणसानं. टोकियोच्या एडोगावा भागातून 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस नगरसेवक म्हणून निवडून आला. त्याच्या अर्जावर तिथल्या मतदारांनी 'बाहेरचा' असा शिक्का मारला असता तर आपल्याला चाललं असतं?

राहिली वाडी. इथे मूळचे कोण, हे विचारून पंगत वाढायला बसलो तर ती फार लवकर उठेल. 1962 ला चीननं दणका दिला, नंतर अंबाझरीची आयुध निर्माणी 1966 मध्ये उभी राहिली, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातली माणसं बदल्यांवर इथे आली. डिफेन्स वसाहतीत बंगाली दुर्गापूजा आणि मल्याळी ओणम आपण शेजारपाजारच्या कौतुकानं बघत आलो. महापालिकेची जकात चुकवायला व्यापाऱ्यांनी नाक्याच्या पलीकडे गोदामं बांधली, ट्रान्सपोर्ट आले, आणि ट्रकांमागून माणसं आली. पंजाबचा ड्रायव्हर, बिहारचा हमाल, छत्तीसगडची मजूर जोडपी, उत्तर प्रदेशचा पंक्चरवाला. ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली ती याच गर्दीच्या जोरावर.

खडगाव रोडच्या मागच्या गल्ल्यांमध्ये कधी सकाळी सहाला फिरून बघा. वरच्या मजल्यावर चार खोल्या काढलेल्या, चौघांना मिळून एक नळ, प्रत्येक दाराशी वेगळं सबमीटर. एका खोलीत पाच पोरं. दोन रात्रपाळी करून आलेली झोपायला टेकतात, तीन डबे भरून निघतात. युनिटला सरकारी दरापेक्षा जास्त पैसे घेतले जातात हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. अशा घरांचे बँकेचे हप्ते याच पोरांच्या भाड्यातून जातात. त्यांना काढायचं म्हणता, तर वरच्या मजल्याचं काय करणार? कोंबड्या पाळणार?

काही तक्रारी खऱ्या आहेत, त्या मीही करतो. अमरावती रोडला ट्रेलर दोन-दोन रांगांत उभे राहतात, रात्री मागचा दिवा नसतो, दुचाकीवाला जाऊन आदळतो. पण ट्रक उभे करायला धड जागा दिली नाही, तो गुन्हा क्लीनरचा नाही. ती मागणी जिथे करायची तिथे करा, मी सोबत येतो. भाडेकरू कोण आहे हे घरमालकाला माहीत असलंच पाहिजे, यातही दुमत नाही. आधार बघा, भाडेकरार नोंदवा, पोलिसांकडे माहितीचा फॉर्म भरा. हे सगळ्यांसाठी करा, आडनाव बघून नको. गंमत अशी की मेसेज पुढे ढकलणाऱ्या कित्येक घरमालकांनी स्वतःच्या एकाही भाडेकरूचा करार केलेला नाही, कारण करार केला की भाड्याचा आकडा कागदावर येतो.

आता माझं मागणं थोडकं आहे. मेसेज आला की पाठवणाऱ्याला विचारा, जपानच्या कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमात हे लिहिलंय? कलम दाखवलं नाही तर तो तिथेच पुसा. ग्रुपच्या अ‍ॅडमिननं असा मजकूर ठेवू नये. आणि ज्या कुणी या मेसेजपायी भाडेकरूला महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली आहे, त्यांनी आज संध्याकाळी वर जाऊन ते मागे घ्यावं. डिपॉझिट अडकवून ठेवलं असेल तर तेही बोलून मोकळं करावं. हे पत्रक खोटं वाटत असेल तर उत्तराचं पत्रक काढा, मी ते स्वतः वाटायला येतो.

आपला,
दत्तवाडीतला एक वृत्तपत्रवाचक